टंकाळा, काडी आणि भुट्ट्याचा कीस : ऑनलाइन गप्पांतल्या शब्दांचा आपला इंदुरी कोश

नंदलालपुरा

मंडळी, नमस्कार.

ऑनलाइन गप्पांत मराठी माणसांनी जे शब्द घडवले, त्यांचा एक छोटा कोश आपण इथे मिळून करूया, अशी फार दिवसांची इच्छा आहे. व्याख्या मजेदार हव्यात, पण शब्द खरे हवेत. कोणीतरी कुठेतरी खरोखर वापरलेले.

इच्छेमागे कारण आहे. आमच्या घरातल्या मुलांची शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी आणि स्वयंपाकघर मराठी. घरातली मराठी म्हणजे आजीची मराठी. ती सुंदर आहे, पण तिच्यात भांडायला, चिडवायला, मित्राची खेचायला आजचे शब्द नाहीत. ते शब्द मुलांना मिळाले ऑनलाइन. मायबोली १९९६ साली सुरू झाली, मिसळपाव २००७ साली, मग फेसबुकवरचे गट आले, व्हॉट्सॲप आलं. पुण्याचा, अमेरिकेतला, नागपूरचा आणि आपल्या इंदुरातल्या रामबागेतला माणूस एकाच ओट्यावर बसून बोलू लागला. त्या बोलण्यातून नवी मराठी तयार झाली, आणि ती तयार करण्यात इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या लोकांचाही हात होता. म्हणून मला हे शब्द आपले वाटतात.

आता सगळ्यात आधी तो आक्षेप, जो घरोघरी ऐकू येतो : "ह.घ्या., हहपुवा, पुभाप्र, हे काय मराठी आहे? नुसती अक्षरं!"

आमच्याकडे आजीच्या माहेरून आलेली पत्रं एका पत्र्याच्या डब्यात आहेत. निळं अंतर्देशीय पत्र. सुरुवात 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' म्हणजे तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मध्ये 'चि.', 'सौ.', 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'क. लो. अ.', कळावे लोभ असावा. आणि मग जागा संपल्यावर, डिंक लावून चिकटवायच्या दुमडपट्टीवर, पत्र आडवं धरून मुंगीच्या अक्षरात : 'ता. क. लोणचं गोविंदासोबत पाठवलं आहे, बरणी परत पाठवणे.' त्या पट्टीवरचा अर्धा मजकूर पत्र फोडताना फाटून गेलाय. बरणी परत गेली की नाही, ते कळायला मार्ग नाही.

म्हणजे कागद महाग होता, जागा कमी होती, तेव्हा मराठी माणसाने पहिली अक्षरं घेतली, पुढे टिंब दिलं आणि भावना पोचवली. पुढे कागदाची जागा कीबोर्डने घेतली. देवनागरी टंकायला वेळ लागायचा, जोडाक्षर जुळता जुळत नसे, तेव्हा मराठी माणसाने पुन्हा तेच केलं. 'शि. सा. न. वि. वि.' आणि 'ह. ह. पु. वा.' या एकाच घराण्यातल्या आजी-नाती आहेत. ज्याला पहिलं चालतं त्याने दुसऱ्यावर नाक मुरडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्याकडून सुरुवात.

टंकाळा : टंकायचा कंटाळा. मराठीने गेल्या वीसेक वर्षांत घडवलेला सर्वात देखणा शब्द. या विकारात रुग्णाच्या डोक्यात चार परिच्छेदांचं उत्तर तयार असतं, अंगठा मात्र थम्ब दाखवून थांबतो. उपाय : त्याच्या आवडत्या गायकाबद्दल कोणीतरी चुकीचं लिहिणे. टंकाळा तत्काळ जातो आणि पहाटेपर्यंत परत येत नाही.

काडी टाकणे : विषय पुरेसा वाळलेला आहे याची खात्री करून, एकच निरागस वाक्य लिहून, पुढचे दोन तास ऑनलाइन न दिसणे. काडी नेहमी प्रश्नाच्या रूपात असते. "सहज विचारतो, पोह्यांत सौफ घालणं कितपत योग्य?" एवढं म्हटलं की पुणे आणि इंदूर समोरासमोर. काडीवाला संध्याकाळी येऊन म्हणतो, "अरे, बरीच चर्चा झालेली दिसते."

ह. घ्या. : हलके घ्या. बोचरं वाक्य लिहून झाल्यावर त्याखाली अंथरायची गादी. वाक्य जितकं टोकदार, तितकी गादी जाड. काही लोक 'ह.घ्या.हे.वे.सां.न.ल.' इतकी अंथरतात, म्हणजे हलके घ्या हे वेगळे सांगणे न लगे.

वामा : वाचनमात्र. सगळं वाचतो, काही लिहीत नाही. ग्रुपवर दोन वर्षं त्याचं नाव दिसत नाही, आणि मग लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून तो तुम्हाला तुमचीच मार्चमधली पोस्ट विरामचिन्हांसकट ऐकवतो. मला वामा मंडळींबद्दल मनापासून आदर आहे. लिहिणारे सगळेच असते तर वाचलं कोणी असतं?

डू आयडी : डुप्लिकेट आयडी. एकाच माणसाने दोन नावांनी येऊन स्वतःशी सहमत होणे. ओळखायची खूण : दोघेही 'आशीर्वाद' हा शब्द एकाच प्रकारे चुकवतात.

तुमचे शब्द येऊ द्या. इंदुरी असतील तर पोह्यांवर जास्तीची सेव.

रामबाग_इंदूर

भिया, झकास विषय! माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे आणि ती मी गंभीरपणे नोंदवतोय.

जिलबी पाडणे : विषय नसताना, रिकाम्या वेळात, एकामागून एक पोस्टी टाकत राहणे. महाराष्ट्रात हा शब्द टिंगलीचा आहे. "पाडली का आज पुन्हा जिलबी?" असं विचारतात.

आपल्याकडे हे चालणार नाही. सकाळी सात वाजता पोह्यांच्या गाडीवर उभं राहून बघा. पितळी पातेल्यात खालून वाफेवर पोहे, वरून सेव, जीरावन मसाला, कांदा, लिंबू, आणि शेजारच्या कढईतून निघालेली गरम जिलबी त्याच कागदात. जिलबीशिवाय पोहे म्हणजे अर्धा नाश्ता. सबब इंदुरी कोशात अर्थ असा असावा :

जिलबी (इंदुरी अर्थ) : गंभीर चर्चेसोबत दिलेली छोटी, गोड, निरुपद्रवी पोस्ट. हिच्यामुळे तिखट घशाखाली उतरतं.

आणि सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जो हाताएवढा जलेबा मिळतो, त्याच्यावरून :

जलेबा : एकाच माणसाची अशी लांबलचक पोस्ट, जी सुरू कुठे होते आणि संपते कुठे ते बोटाने माग काढूनही सापडत नाही. एकट्याने संपत नाही, चौघांत वाटून वाचावी.

सुदामानगरची_काकू

माझ्या घरचा शब्द घ्या. वारले / वारलो : खूप हसू आलं. बस्स, एवढाच अर्थ.

आमच्या भाचीने कुटुंबाच्या ग्रुपवर कसलासा विनोद वाचून "मी वारले" लिहिलं. उज्जैनच्या मावशींनी पुढच्या मिनिटाला रडत फोन केला. भाचीनेच उचलला. मावशी म्हणाल्या, "अगं, तू बोलतेयस कशी?" त्यानंतर आमच्या ग्रुपवर नियम आहे : वारायचं असेल तर पुढे हसरा चेहरा लावायचा.

आणि हहपुवा विसरलात की, नंदलालपुरा! हसून हसून पुरेवाट. लिहिणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बँकेच्या रांगेतल्या माणसासारखा असतो, हे मी आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगते.

अजून एक, पुभाप्र : पुढील भागाच्या प्रतीक्षेत. लेखकाला दिलेलं प्रेमळ आश्वासन. अनेक लेखकांनी पुढचा भाग कधीच लिहिला नाही आणि लोक अजून प्रतीक्षेत आहेत. मी स्वतः एका भुताच्या कथेच्या तिसऱ्या भागासाठी थांबले आहे. ती बाई विहिरीपाशी गेली, पुढे काय झालं ते कृपा करून कोणी सांगा.

तंत्रमालवा

मी थोडी ऐतिहासिक भर घालतो, कारण यातल्या काही गोष्टींचे जन्मदाखले उपलब्ध आहेत आणि ते फार गमतीचे आहेत.

हसरा चेहरा : १९ सप्टेंबर १९८२. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात लोक संगणकाच्या सूचनाफलकावर विनोद करत आणि बाकीचे ते खरे समजत. स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे विसर्गासारखे दोन ठिपके, आडवी रेघ आणि कंस टाकावा, मान डावीकडे कलवून पाहावं. म्हणजे 'ह.घ्या.'ची गरज तिथेही होतीच. काकूंच्या ग्रुपचा नियम आणि फालमनसाहेबांचा नियम एकच आहे बघा.

इमोजी : जपानी शब्द. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीच्या फोनसाठी १७६ चित्रं काढली, प्रत्येक चित्र फक्त १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. त्या आधीही जपानात एका फोनवर अशी चित्रं आली होती, पण प्रसार या संचानंतर झाला. आपल्याकडे जोडलेले हात नमस्कार, आभार, माफी, श्रद्धांजली आणि 'आता पुरे करा' अशा पाच अर्थांनी चालतात.

स्पॅम : मुळात डब्यातलं मांस, १९३७ पासून विकलं जाणारं. १९७० साली ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी प्रवेशात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात तेच असतं आणि शब्द इतक्यांदा म्हटला जातो की बाकी संभाषण बुडून जातं. तिथून नको असलेल्या संदेशांना हे नाव पडलं. तशी नकोशी जाहिरात शब्दाच्याही आधीची : १९७८ साली गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने संगणकांची जाहिरात एकदम चारेकशे लोकांना ईमेलने पाठवली. लोक भयंकर चिडले. संगणक मात्र विकले गेले.

ओएमजी : मुलांचा शब्द म्हणून आपण नावं ठेवतो. १९१७ साली ब्रिटनचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात तो आहे, कंसात अर्थासकट. नंदलालपुरा यांचा पत्रांचा मुद्दा तिकडेही लागू पडतो.

गॉडविनचा नियम : माइक गॉडविन, १९९०. ऑनलाइन वाद जितका लांबेल, तितकी कोणीतरी कोणाची तरी हिटलरशी तुलना करण्याची शक्यता वाढत जाते. मराठीत याचं भाषांतर नको, स्थानिक नियम हवा. कोणताही मराठी वाद पुरेसा लांबला की पेशवाई येते. आपल्या इंदुरात होळकर की शिंदे यावर गाडी येते आणि मग विषय काय होता ते कोणालाच आठवत नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर

होळकर की शिंदे यात प्रश्न काय आहे? उत्तर उघड आहे. ह. घ्या.

रामबाग_इंदूर

बघा, काडी. आणि आता हा दोन तास दिसणार नाही.

शुद्धलेखन_प्रेमी

क्षमा असावी, पण मला हे सगळं पटत नाही. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवली. मुलं आधीच 'मी त्याला मिळालो' म्हणतात, 'भेटलो' म्हणत नाहीत. 'गोष्ट करून राहिले' म्हणतात. अशा ठिकाणी 'पुभाप्र' आणि 'डू आयडी' शिकवून आपण भाषेचं काय भलं करणार? पत्रातल्या 'शि. सा. न. वि. वि.' मागे एक रीत होती, कोणाला काय लिहायचं याचा संस्कार होता. वडिलांना 'शि. सा. न.', बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', धाकट्याला 'अ. उ. आ.' यात नातं दिसत होतं. 'हहपुवा' सगळ्यांना एकच.

नंदलालपुरा

सर, तुमचा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. पत्राच्या मायन्यात नातं होतं, हे अगदी खरं.

पण या नव्या बोलीतही रीत आहे. थोरांच्या लेखावर कोणी नुसतं +१ टाकत नाही, 'सहमत आहे' असं पूर्ण लिहितो. जो पहिल्यांदा लिहितोय त्याला जुनी मंडळी 'पुलेशु' म्हणतात, पुढील लेखनास शुभेच्छा. हा धाकट्याला दिलेला 'अ. उ. आ.'च आहे. खाजगी बोलायचं तर व्यनि करतात, व्यक्तिगत निरोप, म्हणजे चारचौघांत चूक न दाखवता बाजूला घेऊन सांगणं. विषय सोडून लिहायचं असेल तर आधी अवांतर अशी पाटी लावतात. आणि अवांतर हा किती जुना, भारदस्त शब्द! तो आज माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याच्या तोंडी आहे. जेवताना मध्येच म्हणतो, "अवांतर, आई, मला गुरुवारी पैसे लागतील." ज्या मुलाची शाळा मराठी नाही त्याला हा शब्द दुसरं कोणी देऊ शकलं नसतं.

'मिळालो'बद्दल तुमच्या बाजूने आहे. ते मी घरी रोज सुधारतो.

मांडवी_बडोदा

बडोद्याहून नमस्कार. कोश म्हटलं की आम्हाला राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करून घेतला, १९३१ साली छापला. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे पर्याय शेजारी शेजारी. मला त्यातली ही गोष्ट आवडते की एकाच शब्दासाठी शेजाऱ्यांचे शब्दही मान देऊन मांडले. तुमच्या कोशातही हिंदी-गुजराती शब्दांना जागा ठेवा. आम्ही मराठी घरातही 'लोचा पडला' असंच म्हणतो.

आमचा शब्द : फाफडा : सणाच्या दिवशी येणारा, कुरकुरीत, पोकळ शुभेच्छा संदेश. एक आला की मागोमाग पन्नास येतात.

सुदामानगरची_काकू

फाफड्यावरून आठवलं. फॉरवर्ड : ज्याने पाठवलं त्याने न वाचलेला आणि ज्याला पाठवलं त्याला आधीच आलेला संदेश. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी पाच-पाचचे गट पाडून वहीत लिहून ठेवले होते. एकही नातेवाईक त्यांनी सुटू दिला नाही.

रामबाग_इंदूर

आता माझे राखून ठेवलेले इंदुरी शब्द घ्या. हे आमच्या मित्रांच्या ग्रुपवर रोज चालतात.

भुट्ट्याचा कीस : मराठीत शब्दाचा कीस काढतात, इंदुरात मक्याचा काढतात. आमच्याकडे दोन्ही एकत्र. एखाद्याने साध्या वाक्यातल्या एका शब्दावर वाद घालायला घेतला, की बाकीचे लिहितात, "झाला का कीस? मग आता दूध घाला आणि शिजू द्या." खरा कीस मंद आचेवर, दूध आटेपर्यंत हलवत बसावं लागतं, घाई केली की खाली लागतो. वादाचंही तेच. मक्याचा कीस मात्र शेवटी खाता येतो.

गराडू : मुळात हिवाळ्यातच मिळणारा, तळून गरमागरम खायचा कंद. त्यावरून, फक्त हिवाळ्यात दिसणारा सदस्य. परदेशात असतो, डिसेंबरात इंदुरात उतरतो, अचानक ग्रुपवर गरमागरम होतो, "कुठे भेटायचं, सराफा की छप्पन दुकान?" विचारतो आणि संक्रांतीनंतर गायब. सगळ्यांना तो मनापासून आवडतो, वर्षभर वाट बघतात.

गेर : एखाद्याच्या वाढदिवसाला किंवा मुलाच्या निकालाला सगळ्यांनी मिळून रंगीबेरंगी चित्रांचा मारा करणे. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर जसं कोण कोणाला रंगवतोय ते कळत नाही, तसं इथे मूळ बातमी काय होती ते दिसत नाही.

पिंक टाकणे : चर्चा न वाचता, जाता जाता एक तुच्छ शेरा मारून पुढे जाणे. हा शब्द महाराष्ट्रातून आला, पण आपल्या शहराला तो सर्वात जास्त लागू आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा आपण पहिले आलो. रस्त्यावर थुंकलं तर जागेवर दंड होतो. ऑनलाइनही तसाच व्हावा अशी माझी कळकळीची मागणी आहे : पिंक टाकणाऱ्याने आधी वरच्या सगळ्या पोस्टी पुसाव्यात, म्हणजे वाचाव्यात.

शुद्धलेखन_प्रेमी

'गराडू' फार आवडला. माझा मुलगा गराडू आहे. २२ डिसेंबरला येतोय.

'अवांतर'चं उदाहरण वाचून मी थोडा मऊ झालो आहे. माझ्याकडूनही एक शब्द घ्या. दीर्घशंका : ऱ्हस्व की दीर्घ, या शंकेने लिहिता लिहिता थांबणे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर हा शब्द चालतो. थांबणाऱ्याचा मान राखावा, घाई करू नये.

नंदलालपुरा

सर! हा शब्द कोशाच्या पहिल्या पानावर जाणार.

तंत्रमालवा

वारलो. (हसरा चेहरा लावला आहे असं समजावं.)

लष्करवाला_ग्वाल्हेर

दोन तास झाले, आलो. बरीच चर्चा झालेली दिसते. आमचा एक शब्द : गजक : जो थंडीत कडक असतो पण थोडं बोललं की लगेच विरघळतो, असा ॲडमिन.

नंदलालपुरा

गजक घेतला, ग्वाल्हेरच्या नावासकट. आता एक अडलंय. 'स्क्रीनशॉट'ला कोणाच्या घरी मराठी शब्द चालतो का? बनवलेला नको, वापरातला हवा.

सुदामानगरची_काकू

आमच्याकडे 'पुरावा' म्हणतात. "पुरावा पाठव" म्हटलं की मुलं लगेच पाठवतात.